चोवीस लॅपटॉपांची बोली: जुना माल नव्यापेक्षा महाग कसा पडला

पार्श्वभूमी

पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावचं हे सार्वजनिक वाचनालय, शासनमान्य 'ब' वर्गाचं. विश्वस्त संस्था असल्यामुळे दरवर्षी हिशेबतपासणी होते. ते काम माझ्याकडे आहे, म्हणून या खरेदीची सगळी कागदपत्रं माझ्यासमोर आली. समितीच्या संमतीने लिहितो आहे. गाव आणि माणसं ओळखू येतील असे तपशील वगळले आहेत.

वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर अभ्यासिका आहे. पहाटे उघडते, रात्री उशिरा बंद होते. आसपासच्या गावांतली मुलंमुली डबा घेऊन येतात आणि दिवसभर स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करतात. २०२३ ची तलाठी भरती या मुलांच्या चांगलीच लक्षात आहे. ४,६४४ पदं, दहा लाखांहून जास्त अर्ज आणि परीक्षा संगणकावर. त्याच वर्षीची जिल्हा परिषदेची भरतीही तशीच झाली. अभ्यासिकेतल्या एका मुलीने समितीला लेखी अर्ज दिला होता, तो फाईलमध्ये आहे. तिने लिहिलं होतं की सगळा सराव वहीवर आणि मोबाइलवर झालेला असतो. परीक्षेला बसलं की डोक्यावर घड्याळ उलटं पळत असतं, उजवीकडे प्रश्नांच्या क्रमांकांचे चौकोन असतात, हातात माउस असतो आणि पहिली दहा मिनिटं तिथेच जातात. अर्ज जेमतेम पाऊण पानाचा आहे. समितीने तो मनावर घेतला, आणि पुढे जे काही झालं त्यात हेतू चांगलाच होता हे आधी नोंदवून ठेवतो.

अडचण

माजी विद्यार्थी आणि गावकऱ्यांच्या वर्गणीतून चार लाख रुपये जमले. खोलीत टेबलं बसत होती पंधरा. टेबलं, वायरिंग आणि इन्व्हर्टर यांना सुमारे नव्वद हजार लागणार होते. म्हणजे संगणकांसाठी राहिले तीन लाख दहा हजार.

तालुक्यातल्या दुकानदाराने नव्या लॅपटॉपचं दरपत्रक दिलं: आठ जीबी रॅम, २५६ जीबी एसएसडी, साधा प्रोसेसर, एक वर्षाची वॉरंटी, जीएसटीसह २४,९०० रुपये. पंधरा घेतले तर ३,७३,५०० रुपये. हे बजेटबाहेर होतं. तीन जागा रिकाम्या ठेवून बारा घेतले तर २,९८,८०० रुपये, म्हणजे बजेटमध्ये.

समोरचे पर्याय

बारा नवे घेणं हा पहिला पर्याय. समितीतल्या बहुतेकांना तो कमीपणाचा वाटला. पंधरा टेबलं मांडायची आणि तीन मोकळी ठेवायची, हे वर्गणीदारांना कसं दिसेल अशी चिंता होती.

दुसरा पर्याय पुण्याच्या एका विक्रेत्याचा. कंपन्यांनी काढून टाकलेले लॅपटॉप तो दुरुस्त करून विकतो. इंटेलच्या आठव्या पिढीचा आय-फाइव्ह प्रोसेसर, डिस्क आणि चार्जर नवे, सहा महिन्यांची वॉरंटी, सर्व करांसह १७,५०० रुपये. पंधराचे २,६२,५०० झाले असते आणि साडेसत्तेचाळीस हजार उरले असते. हे दरपत्रक फाईलमध्ये नीट लावलेलं आहे. इतिवृत्तात त्यावर एकच ओळ आहे: "मध्यस्थाचा नफा देण्यापेक्षा थेट घ्यावे."

कंपन्यांच्या सामाजिक निधीतून संगणक मिळवायचाही विचार झाला. पत्रं गेली, पण उत्तरासाठी थांबायची कोणाची तयारी नव्हती.

चौथा पर्याय म्हणजे ऑनलाइन लिलाव. पुण्याजवळच्या एका गोदामात चोवीस लॅपटॉपांचा एक लॉट, म्हणजे एकत्रच विकायचा गठ्ठा, होता. नामांकित बनावटीचे, एका कंपनीच्या ऑफिसात वापरलेले. सुरुवातीची बोली १,२०,०००, प्रत्येक वाढ ४,००० रुपयांची, अनामत २५,०००. सुरुवातीच्या बोलीला चोवीसने भागलं की नगामागे पाच हजार येतात. हा पाच हजारांचा आकडा बैठकीत एकदा बोलला गेला आणि मग सगळ्यांच्या मनात तोच बसला.

कार्यवाह आणि ग्रंथपाल गोदामात पाहणीला गेले. चार मशीन चालू करून दाखवली गेली, चारही सुरू झाली. म्हणजे पडदा उजळला आणि बनावटीचं बोधचिन्ह दिसलं. त्याच्या पुढे काय येतं, हे कोणी पाहिलं नाही.

मर्यादा ठरली दोन लाखांची. बाजारात असे जुने लॅपटॉप आठ-साडेआठ हजारांना मिळतात असं कोणीतरी म्हणालं, त्याला चोवीसने गुणलं. जीएसटी, लिलाव कंपनीचं शुल्क, वाहतूक, दुरुस्ती यांतलं काहीच त्यात नव्हतं. माझ्या मते या प्रकरणातला पहिला आणि सगळ्यात मोठा निर्णयबिंदू हा आहे. बोलीच्या दिवशी काय झालं त्याची चर्चा गावात खूप झाली, पण मुळात मर्यादेलाच पाया नव्हता.

बोलीचा दिवस

जून २०२५. वाचनालयाच्या ऑफिसात पाच जण एका पडद्याभोवती. लिलाव चारला संपायचा होता. अशा लिलावांत बहुधा एक नियम असतो: शेवटच्या पाच मिनिटांत बोली आली की वेळ आणखी पाच मिनिटं वाढते. ईबेसारख्या लिलावाच्या संकेतस्थळांवर घड्याळ ठरल्या क्षणी थांबतं, म्हणून तिथे लोक अखेरच्या सेकंदाला बोली लावतात. इथे तसं चालत नाही. जोवर कोणीतरी वाढवतो आहे तोवर लिलाव चालूच राहतो.

सहा बोलीदार होते, पडद्यावर फक्त त्यांचे क्रमांक. दोन लाखांपर्यंत चार थांबले. वाचनालय आणि आणखी एक क्रमांक उरला.

कोषाध्यक्ष ताई बँकेतून निवृत्त झालेल्या. त्या म्हणाल्या, "सर, दोन लाखांवर जायचं नाही असं ठरलंय ना?"

कार्यवाह सर म्हणाले, "ताई, चार हजारच वाढवायचेत. नगामागे पावणेदोनशे रुपयेसुद्धा नाहीत. आणि अनामत अडकलीय, आता मागं कुठं फिरायचं?"

सरांच्या या उत्तरात दोन चुकीच्या समजुती होत्या. एक म्हणजे अनामत अडकलेली नव्हती. हरणाऱ्याची अनामत परत मिळते; जिंकून पैसे न भरणाऱ्याची जप्त होते. अटींच्या दुसऱ्याच पानावर हे होतं. दुसरी समजूत चार हजारांबद्दलची. प्रत्येक पायरीवर ४ टक्के शुल्क आणि सगळ्यावर १८ टक्के जीएसटी धरला तर ती पायरी ४,९०९ रुपयांची होती, आणि शेवटी जे पंधरा मशीन चालले त्यांच्यावर वाटली तर नगामागे ३२७ रुपयांची. सरांच्या हिशेबाच्या जवळजवळ दुप्पट.

दोन लाखांनंतर एकोणीस पायऱ्या चढल्या गेल्या. दर वेळी पडद्यावर "तुमची बोली मागे पडली आहे" असं लाल अक्षरांत यायचं आणि दर वेळी कोणीतरी म्हणायचं, "एवढं आलोच आहोत." वाचनालयाने २,७६,००० वर लॉट जिंकला. खोलीत टाळ्या वाजल्या.

निकालानंतरची सकाळ

त्या रात्री ताईंनी अटींचं परिशिष्ट पहिल्यांदा पूर्ण वाचलं. त्यात लिहिलं होतं की माहितीच्या सुरक्षेसाठी सर्व मशीनमधल्या डिस्क काढलेल्या आहेत, चार्जर "उपलब्ध असतील तेवढे" मिळतील, आणि माल जसा आहे तसा, जिथे आहे तिथे उचलायचा आहे. विकणाऱ्याने काहीही लपवलेलं नव्हतं. कंपन्या जुनी मशीन विकताना डिस्क काढून नष्ट करतात, ही या धंद्यातली नेहमीची रीत आहे.

सकाळी तातडीची बैठक झाली. पैसे भरायला तीन दिवस होते. न भरले तर २५,००० जाणार होते. चर्चेचा सूर असा होता: गावाच्या पैशातले पंचवीस हजार पाण्यात घातले, हे सर्वसाधारण सभेला कोणत्या तोंडाने सांगायचं? ठराव झाला, पैसे भरले.

हा दुसरा निर्णयबिंदू मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण त्या सकाळी लागणारे आकडे हातात होते. बोली, शुल्क आणि कर मिळून ३,३८,७०७. वाहतूक ६,५००. पंधरा डिस्क २४,७५०. एकही मशीन बिघडलेलं नाही असं धरलं तरी ३,६९,९५७ रुपये. उलट अनामत सोडून दिली असती आणि पुण्याच्या विक्रेत्याकडून पंधरा घेतले असते तर एकूण २,८७,५००. फरक ब्याऐंशी हजारांचा. पण तुलना झाली ती पंचवीस हजार जाणं आणि काहीच न जाणं यांच्यात. पुण्याचं दरपत्रक त्या बैठकीत कोणी बाहेरच काढलं नाही.

प्रत्यक्षात काय हाती आलं

माल उचलायला सर स्वतः गेले. तिथे जुन्या लॅपटॉपांचा एक व्यापारी दुसरा लॉट भरत होता. तो या लॉटमध्येही होता आणि १,८४,००० वर थांबला होता. सरांनी कारण विचारलं. तो म्हणाला, "सर, आम्ही चोवीसचे चौदा धरूनच येतो."

त्याचा अंदाज एका नगाने चुकला. चार मशीन बायोसच्या (मशीन सुरू होताना सर्वांत आधी चालणाऱ्या प्रणालीच्या) पासवर्डने बंद होती. सुरू केली की बोधचिन्ह येई आणि त्यानंतर पासवर्डची चौकट. असं कुलूप मूळ मालक कंपनीच्या मदतीशिवाय सरळ मार्गाने निघत नाही, आणि त्या कंपनीकडून उत्तर आलं नाही. तीन मशीनचे मदरबोर्ड गेलेले. दोघांचे पडदे फुटलेले, ती सुट्या भागांसाठी बाजूला काढली. काहींच्या बॅटऱ्या फुगून खालचं झाकण उचललं गेलं होतं. त्या लगेच काढून टाकाव्या लागल्या. फुगलेली लिथियम बॅटरी मुलांच्या खोलीत ठेवण्याची वस्तू नाही.

उरले पंधरा. त्यांच्यासाठी डिस्क २४,७५०, चार्जर ६,८००, रॅम ६,६००, कीबोर्ड ३,६०० आणि तंत्रज्ञाची मजुरी ९,०००, असे ५०,७५० रुपये लागले. नऊ बाद मशीन एका दुरुस्तीवाल्याला १३,५०० ला दिली. निव्वळ खर्च ३,८२,४५७ रुपये. पंधराने भागलं तर नगामागे २५,४९७.

नवा लॅपटॉप २४,९०० ला होता.

वॉरंटी नाही. पंधरापैकी सात मशीन इंटेलच्या सहाव्या-सातव्या पिढीची निघाली. विंडोज ११ ला साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो आणि विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. त्या सातांवर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही मोफत कार्यप्रणाली टाकली. सराव परीक्षा ब्राउझरमध्येच चालतात, त्यामुळे मुलांचं काही अडलं नाही. हा निर्णय तंत्रज्ञाने सुचवला आणि तो उत्तम ठरला.

अडलं ते विजेमुळे. सगळे पैसे लॅपटॉपांत गेल्याने इन्व्हर्टर राहून गेला. बऱ्याच मशीनना बॅटरीचा टेकू नाही. वीज गेली की सराव परीक्षा अर्ध्यावर बंद पडते आणि मुलं पुन्हा पहिल्या प्रश्नापासून सुरू करतात.

भाव का चढला

"लिलावात स्वस्त मिळतं" हे व्यापाऱ्यासाठी खरं असतं, कारण त्याचा खर्चाचा पाया वेगळा असतो. त्याने भरलेला १८ टक्के जीएसटी पुढच्या विक्रीवरच्या करातून वजा होतो. जीएसटी नोंदणी नसलेल्या वाचनालयाला तो पूर्ण सोसावा लागतो. शिवाय व्यापाऱ्याकडे डिस्क आणि चार्जर घाऊक भावाचे, तंत्रज्ञ पगारावर, आणि बाद मशीनच्या सुट्या भागांना रोजचं गिऱ्हाईक. तो जिथे थांबतो तिथे वाचनालय त्याच्या कितीतरी आधी थांबायला हवं.

व्यापारी थांबले, हीसुद्धा माहितीच होती. लॉटची खरी किंमत सगळ्यांसाठी साधारण एकच असते. फक्त प्रत्येकाचा अंदाज वेगळा असतो. अशा लिलावात जिंकतो तो बहुधा ज्याचा अंदाज सर्वांत वर गेलेला असतो. अर्थशास्त्रात याला विजेत्याचा शाप म्हणतात. अमेरिकेत तेलक्षेत्रांच्या लिलावांत कंपन्यांना आलेल्या अनुभवावरून तीन अभियंत्यांनी १९७१ मध्ये हे मांडलं. या शापाच्या धास्तीने शहाणा बोलीदार आपल्या अंदाजापेक्षा कमीच बोली का लावतो, हे रॉबर्ट विल्सन यांनी दाखवलं. त्यांना आणि पॉल मिलग्रोम यांना २०२० चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. वाचनालयाच्या ऑफिसात नेमकं उलट झालं. चार क्रमांक थांबलेले पाहून खोलीतला विश्वास वाढला.

तिसरी गोष्ट शेजारीच उपलब्ध असलेल्या ठरलेल्या किमतीची. यंग हान ली आणि उलरिके मालमेंडियर यांनी ईबेवरच्या २००४ मधल्या लिलावांचा अभ्यास केला, तो २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. 'कॅशफ्लो १०१' नावाचा एक खेळ त्याच संकेतस्थळावर ठरलेल्या किमतीलाही मिळत होता. तरीही ४२ टक्के लिलावांत शेवटची बोली त्या किमतीच्या वर गेली. पाठवणीचा खर्च धरला तर ७३ टक्के लिलावांत. आणि अशी जास्तीची बोली लावणारे सगळे नव्हते, फार तर १७ टक्के बोलीदार होते. म्हणजे बहुतेक माणसं समंजस असली तरी लिलावाची रचनाच अशी असते की भाव ठरवण्याचं काम असमंजस थोड्यांकडे जातं. वाचनालयाचं १७,५०० चं दरपत्रक ऑफिसातल्या कपाटात होतं, पडद्यापासून दोन हातांवर.

काय वेगळं करता आलं असतं

मर्यादा उलट्या बाजूने काढायला हवी होती. नव्याच्या किमतीपासून सुरुवात करायची. वॉरंटी नसलेल्या, वापरलेल्या मशीनला नव्याच्या साठ टक्क्यांहून जास्त देऊ नये असं मला वाटतं. पंधरा मशीनचे साठ टक्के म्हणजे २,२४,१००. त्यातून दुरुस्तीचे पन्नास हजार आणि वाहतुकीचे साडेसहा हजार वजा केले की १,६७,६०० उरतात. यात शुल्क आणि कर दोन्ही बसले पाहिजेत, म्हणून १.२२७२ ने (१.०४ गुणिले १.१८) भागायचं. उत्तर येतं सुमारे १,३६,०००. या आकड्याला लॉट मिळाला नसता, आणि न मिळणं हेच योग्य होतं. ठरलेल्या दोन लाखांवर मिळाला असता तरी मशीन सुमारे १९,३०० ला पडलं असतं, पुण्याच्या वॉरंटीवाल्या मशीनपेक्षा महाग.

भागाकार चोवीसने न करता पंधराने करायला हवा होता. खोलीत टेबलंच पंधरा होती. जास्तीची नऊ मशीन "विकून टाकू" म्हणताना ती विकायची कोणाला आणि केवढ्याला, याचा विचार झाला नव्हता.

पाहणीला तंत्रज्ञ न्यायला हवा होता. त्याचा दिवसाचा मेहनताना आणि एसटीचं भाडं मिळून दोन-अडीच हजार. झाकण उघडून डिस्कची रिकामी जागा त्याने पाच मिनिटांत पाहिली असती, बायोसची चौकटही.

आणि बोली लावणारा हात व मर्यादा ठरवणारा माणूस एका खोलीत नकोत. ताईंनी वेळेवर आठवण करून दिली होती, पण त्यांच्याकडे नकाराधिकार नव्हता. मर्यादेच्या वर जायचं तर खोलीबाहेरच्या एका विश्वस्ताची लेखी परवानगी लागेल एवढं जरी ठरलं असतं, तरी त्या फोनच्या दोन मिनिटांत कोणीतरी कागद-पेन घेतलं असतं.

सरांच्या निर्णयांवर मी इथे स्पष्ट लिहिलं आहे, पण त्यांच्या बाजूची एक गोष्ट सांगायलाच हवी. पूर्ण हिशेब, बाद मशीनच्या यादीसह, त्यांनी स्वतः सर्वसाधारण सभेपुढे वाचला. कोणी मागितला नव्हता. त्यामुळेच हे प्रकरण अभ्यासण्यासारखं उरलं. नाहीतर "२४ लॅपटॉप खरेदी" एवढीच ओळ अहवालात आली असती.

सध्याची स्थिती

वर्षअखेरपर्यंत एक मशीन बंद पडलं. चालू चौदा, म्हणजे नगामागे २७,३१८ रुपये. सकाळच्या वेळेत एकही जागा रिकामी नसते. नावं वहीत लिहून तासातासाच्या पाळ्या लावाव्या लागतात. सभेने इन्व्हर्टरसाठी वेगळी वर्गणी मंजूर केली आहे. पुढच्या खरेदीसाठी ठराव असा आहे: पन्नास हजारांवरची कोणतीही वस्तू घेताना नव्याचं एक आणि वॉरंटीसह दुरुस्त मालाचं एक अशी दोन दरपत्रकं बैठकीच्या टेबलावर ठेवायची, आणि लिलावात उतरायचं असेल तर सर्व खर्च धरून काढलेली मर्यादा आदल्या दिवशी इतिवृत्तात लिहून कोषाध्यक्षांची सही घ्यायची. बंद पडलेल्या मशीनच्या जागी एक मशीन पुण्याच्या त्याच विक्रेत्याकडून घ्यायचं ठरलं आहे.